कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील करायचं राहून गेलं, मुदत टळली. आता काय करता येईल?

सोलापूरहून_विचारतोय

नमस्कार. प्रश्न बहिणीच्या प्रकरणाचा आहे. नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याखाली क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका केली होती. बहीण हजर राहिली, कैफियत (लेखी उत्तर) दिली, उलटतपासणीही झाली. सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२५ ला घटस्फोट मंजूर केला. नकलेसाठी अर्ज २४ नोव्हेंबरला केला, नक्कल ९ डिसेंबरला तयार झाली, आम्ही ती २० डिसेंबरला घेतली आणि वकिलांकडे दिली. "अपील टाकतो" असं ते म्हणत राहिले. जानेवारीच्या अखेरीला आईचं ऑपरेशन झालं आणि बहीण तिच्यापाशी होती. मार्चमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं की अपील दाखलच झालेलं नाही. फाइल परत घेतली आहे. दुसरे एक वकील म्हणाले, मुदत ३० दिवसांची, ९६ दिवस उशीर झाला, फार आशा धरू नका.

आज १६ मार्च. विचारायचं एवढंच: मुदत खरंच ३० दिवस आहे का? उशीर माफ होतो का? मधल्या काळात नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर? आणि अपील मुंबईला की कोल्हापूरला? निकालात कायम पोटगीबद्दल काहीच नाही, तिने ती मागितली नव्हती.

अपील_टेबल

आधी ९६ हा आकडा डोक्यातून काढा आणि कुठल्याही कागदावर लिहू नका. विलंब माफीच्या अर्जात स्वतःच जास्त दिवस कबूल केले की समोरचा वकील तेच धरून बसतो.

गोंधळ होतो तो दोन कायद्यांमुळे. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम १९(३) मध्ये ३० दिवस आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८(४) मध्येही पूर्वी ३० च होते, पण २००३ च्या दुरुस्तीने ते ९० झाले. उच्च न्यायालय जिल्ह्यापासून लांब असतं, ३० दिवसांत नक्कल, वकील, पैसे, प्रवास हे सगळं जमत नाही, अशी त्यामागची अडचण होती. मग प्रश्न आला की कौटुंबिक न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याखाली निकाल दिला असेल तर यातली कुठली मुदत लागू करायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये त्याचं उत्तर दिलं: ९० दिवस. महाराष्ट्रात हा मुद्दा तिथे मिटला आहे. विशेष विवाह कायद्याच्या कलम ३९(४) मध्येही त्याच दुरुस्तीने ९० दिवस आले.

आता तुमच्या तारखा मोजू. निकालाचा दिवस सोडायचा, म्हणजे ११ नोव्हेंबर हा पहिला दिवस. नोव्हेंबरचे २०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१ मिळून ८२ झाले. फेब्रुवारीचे ८ धरले की ९० भरतात. म्हणजे साधी मुदत ८ फेब्रुवारी २०२६. त्यात नकलेचा वेळ वाढवून मिळतो, मुदत कायद्याच्या कलम १२(२) प्रमाणे. अर्ज २४ नोव्हेंबरचा, नक्कल तयार ९ डिसेंबरला. दोन्ही दिवस धरून १६ दिवस. ८ फेब्रुवारीत १६ मिळवा: २४ फेब्रुवारी. ही तुमची शेवटची तारीख होती.

आज १६ मार्च, म्हणजे विलंब २० दिवसांचा. ९६ आणि २० यांत किती फरक पडतो ते सांगायला नको. ९६ दिवस काढताना नकलेचा वेळही वजा केलेला नाही, म्हणजे ३० दिवसांच्या हिशेबातही तो आकडा फुगलेलाच आहे.

हे ९० दिवस सगळ्या प्रकरणांना लागू नाहीत हेही इथे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा १९३९ खालचा दावा, पती-पत्नीमधल्या मालमत्तेचा दावा, पालकत्व कायद्याखाली दिलेला मुलाचा ताबा, अशा निकालांना कलम १९(३) चे ३० दिवसच धरून चाला. परस्परसंमतीच्या हुकूमनाम्यावर (न्यायालयाच्या अंतिम आदेशावर) तर कलम १९(२) प्रमाणे अपीलच नाही.

नक्कलखिडकी

वरचा हिशेब बरोबर आहे. त्यात एक गोष्ट भर घालतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

नकलेच्या शेवटच्या पानाच्या मागे शिक्का असतो. त्यात हाताने तारखा भरलेल्या असतात: अर्ज केला, नक्कल तयार झाली, नक्कल दिली. मुदत वाढते ती पहिल्या दोन तारखांमधली. तयार झाल्यावर ती खिडकीत पडून राहिली ते दिवस तुमच्या खात्यात. म्हणजे १० ते २० डिसेंबर हे ११ दिवस वजा होत नाहीत. तो शिक्का पुसट असेल, किंवा झेरॉक्स काढताना मागचं पान राहून गेलं असेल, तर रजिस्ट्री (न्यायालयाचं दाखल-कार्यालय) हरकत काढते आणि त्यात पुन्हा आठवडा जातो. मूळ नक्कल वकिलांकडून परत घेतलीत ना? तीच जोडायची. हरवली असेल तर नव्याने अर्ज करा, पण आता मागितलेल्या नकलेचा वेळ वजा मिळणार नाही. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाने संपलेली मुदत लांबत नाही. पहिल्या अर्जाचा पुरावा म्हणून नक्कल अर्जाची पावती किंवा नोंदवहीतला उतारा मिळतो का ते पाहा.

दुसरं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची असते. ती न्यायालयातच मागा. तिच्यावर शिक्का असला तरी नक्कल अर्जाच्या तारखा नसतील, म्हणून मुदतीच्या हिशेबाला ती पुरत नाही.

अपील_टेबल

आता विलंब माफी. अर्ज मुदत कायद्याच्या कलम ५ खाली, आणि तो अपिलाच्या मेमोबरोबरच (म्हणजे अपिलाच्या मूळ अर्जाबरोबरच) जोडायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ४१ नियम ३ए तेच सांगतो: अर्ज, आणि त्यातल्या गोष्टींना आधार देणारं प्रतिज्ञापत्र. न्यायालय आधी त्या अर्जावर समोरच्याला नोटीस काढतं, तो निकालात काढतं आणि मगच अपिलाकडे वळतं. अर्ज फेटाळला तर अपील आपोआप पडतं, गुणदोष कुणी पाहत नाही.

"विवाहविषयक प्रकरणाला मुदत कायदा लागू नाही, कलम २९(३) पाहा" असा मुद्दा समोरून येऊ शकतो. तो मूळ याचिकांबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की त्या कलमातले शब्द अपिलाला लागत नाहीत आणि नकलेचा वेळ वजा मिळतो. तुमच्या वकिलांनी हे हाताशी ठेवावं.

पुरेसं कारण कसं मांडायचं यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन सूर आहेत. १९८७ च्या निकालात म्हटलं की दिवसादिवसाचा हिशेब मागण्याचा अट्टहास नको, न्याय देण्याकडे कल असावा. १९९८ मध्ये म्हटलं की उशीर किती मोठा यापेक्षा स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे का हे महत्त्वाचं. पण २०१३ नंतरच्या निकालांत भाषा कडक झाली आहे: हलगर्जीपणा आणि ढोबळ कारण चालणार नाही. म्हणून उदार निकालांवर भिस्त ठेवून अर्ज दोन पानांत उरकू नका. २० दिवसांच्या विलंबाला एक नीट तक्ता आणि चार कागद पुरतात, पण ते चार कागद हवेत.

तुमच्या बाबतीत कारण दोन तुकड्यांचं आहे, ते वेगळं मांडा. एक, २० डिसेंबरपासून नक्कल वकिलांकडे होती आणि अपील टाकतो असं ते सांगत होते. दोन, आईचं ऑपरेशन. पहिल्यासाठी त्या काळातले मेसेज, फोन केल्याच्या नोंदी, फी दिल्याची पावती किंवा बँकेची नोंद, आणि फाइल परत घेतली त्याची तारीख दाखवणारा कागद. "वकिलांनी टाकलं नाही" एवढंच लिहून भागत नाही. पक्षकाराला वकिलाच्या चुकीची शिक्षा होऊ नये हे १९८१ च्या निकालात आहे, पण आजकाल न्यायालय विचारतं की पक्षकाराने स्वतः किती वेळा विचारपूस केली. तिने जानेवारी-फेब्रुवारीत विचारलं होतं याचा एक जरी मेसेज असेल तर तो पहिल्या पानावर जोडा. दुसऱ्यासाठी रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, ऑपरेशनची तारीख, आणि घरी आल्यावर किती दिवस देखभाल लागली हे सांगणारी डॉक्टरांची मूळ चिठ्ठी. मागाहून करून घेतलेलं "सदर रुग्णास ९० दिवस पूर्ण विश्रांती" असं प्रमाणपत्र जोडू नका. तारखा आणि फोननोंदी जुळल्या नाहीत की खऱ्या कारणावरचाही विश्वास जातो.

आणि कारण २५ फेब्रुवारीपासून सुरू करू नका. मुदतीच्या आतच काय चाललं होतं ते सांगा. मुदत संपल्यानंतर उगवलेलं कारण पटत नाही, आधीपासून चालत आलेलं पटतं.

सोलापूरहून_विचारतोय

मेसेज आहेत, १२ जानेवारी आणि १८ फेब्रुवारीचे. दोन्हींना "होतंय" असं उत्तर आहे. मूळ नक्कल मिळाली आहे, मागे शिक्का आहे. दुसऱ्या लग्नाबद्दल कुणी सांगेल का? तिकडे ठरवाठरवी चालू असल्याचं कानावर आलं आहे.

दावा_दप्तर

१८ फेब्रुवारीचा मेसेज सोन्यासारखा आहे. तो मुदतीच्या आतला आहे, सहा दिवस आधीचा. मोबाइलमधून पुसला जाणार नाही याची काळजी घ्या, स्क्रीनशॉटबरोबर पूर्ण संभाषण काढून ठेवा. फोन बदलायचा असेल तर आत्ता बदलू नका.

लग्नाचा भाग गंभीर आहे, तो शांतपणे वाचा. हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ सांगतं की अपिलाची मुदत संपली आणि अपील झालं नाही तर दोघांनाही पुन्हा लग्न करता येतं. तुमची मुदत २४ फेब्रुवारीला संपली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की कलम १५ चा अडसर मुदतीत केलेल्या अपिलालाच असतो. उशिरा केलेल्या अपिलाला, विलंब माफ झाला तरी, तो आपोआप येत नाही, जोवर हुकूमनाम्याला स्थगिती किंवा लग्नाला मनाई करणारा अंतरिम आदेश नसतो. म्हणजे आज त्याने लग्न केलं तर ते केवळ तुमच्या येऊ घातलेल्या अपिलामुळे बेकायदा ठरणार नाही. तुमची परिस्थिती मात्र अवघड होईल, कारण तिसऱ्या व्यक्तीचा संसार उभा राहिल्यावर न्यायालय घड्याळ मागे फिरवायला कचरतं.

म्हणून करायचं ते या आठवड्यात. वकिलामार्फत नोटीस पाठवा की अपील आणि विलंब माफीचा अर्ज दाखल करत आहोत, दरम्यान दुसरा विवाह करू नये. स्पीड पोस्टाने नवऱ्याला, आणि त्याच्या वकिलालाही. पावती आणि पोच झाल्याचा ऑनलाइन अहवाल छापून ठेवा. एवढ्या नोटिशीने कायदेशीर मनाई येत नाही, पण "मला माहीतच नव्हतं" हे म्हणायला जागा उरत नाही. खरी मनाई न्यायालयाच्या आदेशानेच येते. अपिलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्या, आणि लग्नाची ठरवाठरवी चालू असल्याचं त्यात स्पष्ट लिहून तातडीने प्रकरण पुढे घ्यायची विनंती करा. ऑर्डर ४१ नियम ३ए(३) मुळे विलंब माफ होऊन अपील ऐकायचं ठरेपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही, त्यामुळे विलंब माफीवर लवकर सुनावणी मिळवणं हाच खरा उपाय. अपील टाकलं म्हणजे आपोआप स्थगिती, हा समज काढून टाका.

त्याने आधीच कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा आगाऊ अर्ज) टाकलं आहे का तेही पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ए खालचं कॅव्हेट ९० दिवस चालतं. असेल तर त्याला प्रती दिल्याशिवाय तुम्ही तातडीचा आदेश मागू शकत नाही, आणि ऐनवेळी कळलं तर तो दिवस फुकट जातो.

एक मनापासून सांगतो. बहिणीला नेमकं काय हवं आहे ते तिला एकटीला बसवून विचारा. लग्न टिकवायचं आहे, क्रूरतेचा ठपका पुसायचा आहे, की पोटगी? पोटगीच हवी असेल तर त्यासाठी अपील लागत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कायम पोटगीचा अर्ज हुकूमनाम्याच्या वेळी "किंवा त्यानंतर केव्हाही" त्याच न्यायालयात करता येतो. तिने मागितली नव्हती म्हणून हक्क गेलेला नाही. दोन्ही करायचं असेल तर अपिलाच्या मेमोत तसं सांगून ठेवा, म्हणजे एकीकडे घटस्फोट नको आणि दुसरीकडे घटस्फोटानंतरची पोटगी हवी, असा विसंगतीचा आरोप होणार नाही.

पाथरीकर

माझ्याकडे एकतर्फी हुकूमनामा आहे. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं. अपीलच करायचं की दुसरा रस्ता आहे?

दावा_दप्तर

दुसरा रस्ता आहे आणि तुमच्यासाठी बहुधा तोच योग्य. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ नियम १३ खाली त्याच न्यायालयात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज. मुदत ३० दिवस, हुकूमनाम्यापासून. पण समन्स रीतसर बजावलंच नसेल तर तुम्हाला कळलं त्या दिवसापासून, मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे. कळलं कधी आणि कसं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि त्याला कागद हवा. कोर्टात जाऊन रोजनामा आणि बेलिफाचा (समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याचा) अहवाल यांच्या नकला काढा. अहवालात "घर बंद" लिहिलं आहे की "घेण्यास नकार", यावर सगळं अवलंबून असतं.

दोन्ही उपाय एकाच वेळी मोकळे असतात, पण अपील आधी केलं आणि ते मागे घेण्याखेरीज कुठल्याही कारणावरून निकाली निघालं तर नियम १३ चा अर्ज चालत नाही. उलट नियम १३ च्या अर्जात गेलेला वेळ पुढे अपिलाच्या विलंबासाठी कारण म्हणून मांडता येतो, अर्ज प्रामाणिकपणे चालवला असेल तर. म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवा.

अपील_टेबल

या धाग्यावर पुढे येणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेळीच सांगतो. निकालावरचा नंबर पाहा. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत 'पी.ए.' नंबर विवाहविषयक याचिकेला असतो आणि 'पी.ई.' फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या पोटगीला. 'पी.ई.' मधल्या आदेशावर अपील नाही, कौटुंबिक न्यायालये अधिनियमाच्या कलम १९(४) खाली फौजदारी पुनरीक्षण (उच्च न्यायालयाकडून आदेश तपासून घेणं) आहे आणि त्याला ९० दिवस, मुदत कायद्याचा अनुच्छेद १३१. कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. आणि खटला चालू असतानाची हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालची अंतरिम पोटगी हा अंतरिम आदेश, त्यावर अपील नाही. तिथे रिट याचिका करावी लागते. चुकीच्या कागदावर महिनाभर घालवून मग विलंब माफी मागणारे पुष्कळ असतात.

सोलापूरच्या भावाला: अपील कोल्हापूरला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे आहेत. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ ऐकेल, कलम १९(६).

लागेल ते एकदाच न्या: मूळ नक्कल, कौटुंबिक न्यायालयातली याचिका, कैफियत, दोन्ही बाजूंच्या साक्षी, दाखल कागदांची यादी, आईचे कागद, मेसेजचे छापील उतारे, बहिणीचं आधार आणि फोटो. वकालतनामा आणि प्रतिज्ञापत्रावर सही बहिणीचीच. ती प्रवास करू शकत नसेल तर सोलापुरातच शपथ घेऊन प्रतिज्ञापत्र पाठवता येतं. खर्चाची अडचण असेल तर उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली महिलांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

विलंबाचा आकडा मेमो, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र तिन्हींत एकच हवा, आणि तो मसुदा केल्याच्या नाही तर दाखल करण्याच्या दिवसाचा. मसुद्यात २० लिहिलं आणि दाखल २३ मार्चला केलं तर ते २७ होतात. जुना आकडा राहिला की हरकत आलीच. ती जागा रिकामी ठेवा आणि शेवटच्या क्षणी भरा. हरकती निघाल्या तर रजिस्ट्री देते त्या वेळेत दूर करा, नाहीतर अपील नोंदणीलाच अडकून फेटाळलं जाऊ शकतं.

नक्कलखिडकी

उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहू नका. शेवटचा दिवस सुट्टीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी चालतं, मुदत कायद्याच्या कलम ४ प्रमाणे. पण तुमचा शेवटचा दिवस केव्हाच गेला आहे, त्यामुळे सुट्टीतला प्रत्येक दिवस विलंबात मोजला जाईल. २३ मार्चला सोमवार आहे. तोवर दाखल करून नंबर घ्या आणि ई-फायलिंगची पावती इथे टाकू नका, फक्त झालं एवढं कळवा.

सोलापूरहून_विचारतोय

बहिणीशी बोललो. तिला ठपका पुसायचा आहे, पोटगी नंतर पाहू म्हणाली. नोटीस उद्या निघेल, कोल्हापूरच्या वकिलांची वेळ शुक्रवारी, २० तारखेला मिळाली आहे.

दावा_दप्तर

शुक्रवारी जाताना साक्षींच्या नकलांवर एक काम करून ठेवा. ज्या प्रसंगांवरून क्रूरता धरली गेली आहे, ते निकालातल्या परिच्छेद क्रमांकासह वहीत उतरवा आणि समोर तिची उलटतपासणी कुठल्या पानावर आहे ते लिहा. विलंब माफीच्या सुनावणीत न्यायमूर्ती हमखास विचारतात, "अपिलात दम आहे का?" त्या वेळी वकिलांच्या हातात ती दोन पानं हवीत.